आत्मचरित्रं वाचून नेतृत्व शिकायचं, तर नेमकं वाचायचं कसं?

शिफ्ट_बी:

नमस्कार मंडळी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नुकतीच बढती मिळालेल्या १२ सुपरवायझरांसाठी ‘महिन्याला एक आत्मचरित्र’ असा उपक्रम आखायचा आहे. बहुतेक जण डिप्लोमावाले, वय २६ ते ३५. वाचन मराठीतून, इंग्रजी जेमतेम.

अशा उपक्रमांचं एरवी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तक वाचून झालं की सगळे ‘जिद्द’, ‘चिकाटी’, ‘मोठी स्वप्नं’ असं फळ्यावर लिहितात, टाळ्या होतात, आणि सोमवारी लाईनवर जैसे थे. तर प्रश्न असे:

पुस्तकं निवडताना काय बघायचं? अख्खं पुस्तक वाचायचं की काही भाग? चर्चा कशी घ्यायची? आणि यशस्वी माणसाने स्वतःबद्दल लिहिलेल्यावर विश्वास किती ठेवायचा?

पानपलट्या:

अख्खं पुस्तक गटात वाचू नका. ४०० पानांतली ३५० पानं बालपण, सत्कार आणि आभार यांत जातात. शिकवण्याजोगा ऐवज असतो तो निर्णयांत, आणि एका पुस्तकात असे कामाचे निर्णय फार तर चार-पाच. त्यातला एक उचला. ८ ते १० पानं पुरे.

आता पद्धत. निर्णय होतो त्या ओळीच्या अगोदर थांबायचं. पुढचं पान कुणी वाचायचं नाही. त्या क्षणी त्या माणसाला काय माहीत होतं, काय नव्हतं, कोण काय सल्ला देत होतं, एवढंच समोर ठेवायचं आणि प्रत्येकाने स्वतःचा निर्णय चिठ्ठीवर लिहायचा. मग पुढे वाचायचं.

नमुना म्हणून कॅथरिन ग्रॅहम यांच्या ‘पर्सनल हिस्टरी’तला (१९९७) जून १९७१ चा प्रसंग घ्या. इंग्रजी वाचायची गरज नाही, आयोजकाने दीड पानाचं मराठी टिपण करावं. टिपणात एवढं हवं: व्हिएतनाम युद्धाबद्दलची सरकारी गोपनीय कागदपत्रं न्यूयॉर्क टाइम्स १३ जूनपासून छापतो आहे. कोर्टाने त्यांना मनाई केली आहे. १७ जूनला तीच कागदपत्रं वॉशिंग्टन पोस्टच्या हाती लागतात. ग्रॅहम या पोस्टच्या मालक-प्रकाशक. त्यांच्या कंपनीचे शेअर त्याच आठवड्यात बाजारात विकायला काढले आहेत, म्हणजे फौजदारी खटला झाला तर तो व्यवहार फिसकटू शकतो. कंपनीची टीव्ही केंद्रं आहेत, त्यांचे परवाने सरकारच्या हातात. संपादक बेन ब्रॅडली यांच्या घरी बातमीदार कागदांच्या ढिगात बसून लिहिताहेत. वकील म्हणतात थांबा. संपादक म्हणतात, थांबलो तर उद्यापासून आपल्याला वर्तमानपत्र कोण म्हणेल? ग्रॅहम स्वतःच्या घरी एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात आहेत आणि फोन येतो.

इथे टिपण बंद. चिठ्ठ्या काढा.

चिठ्ठ्या झाल्यावर एक बारकावा वाचून दाखवा. कंपनीचे अध्यक्ष फ्रिट्झ बीबी हेही वकीलच, आणि ग्रॅहम यांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी आपण बहुधा छापणार नाही असं सांगितलं. पण ज्या सुरात सांगितलं, त्यातून ग्रॅहम यांना जाणवलं की वेगळा निर्णय घ्यायला वाव आहे. त्यांनी छापा म्हणून सांगितलं. १८ जूनला बातमी आली. ३० जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी वर्तमानपत्रांच्या बाजूने कौल दिला.

गट लगेच म्हणेल, ‘धाडस!’ तिथे अडवा. धाडस हे नंतर लावलेलं लेबल आहे. विचारा: सल्लागाराने बीबींसारखं दार अर्धवट उघडं न ठेवता ठाम ‘नाही’ म्हटलं असतं तर? संपादकांना प्रकाशकाच्या घरी रात्री फोन करायची मुभा कुठून आली? कोर्टाचा निकाल उलटा लागला असता तर हाच निर्णय आपण कुठल्या नावाने ओळखला असता? हा शेवटचा प्रश्न दर वेळी विचारायचाच. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला ठरवायची खोड त्यानेच मोडते.

वेळेचं गणित ९० मिनिटांचं धरा. टिपणाचं वाचन १५, चिठ्ठी लिहायला १०, चर्चा ३०, पुढे काय झालं ते वाचायला १०, उरलेली २५ आपल्या कामाशी सांधा जुळवायला. बारा जणांचा एकच गट करू नका, सहा-सहाचे दोन करा. चिठ्ठी चर्चेआधीच लिहून घ्यायची आणि सर्वांत नवख्या माणसाची आधी वाचायची. नाहीतर शिफ्ट इन्चार्ज तोंड उघडतो आणि बाकीचे माना डोलावतात.

शेवटच्या २५ मिनिटांत एकच नियम: गुणवाचक शब्दांना बंदी. ‘जिद्द’, ‘पारदर्शकता’, ‘संवाद’ लिहिलं की चिठ्ठी परत. कुणाशी, कधी, काय वेगळं करणार ते लिहायचं. ‘बुधवारच्या उत्पादन बैठकीत माझं मत सांगायच्या आधी मेंटेनन्सवाल्याला विचारेन’ ही चालणारी चिठ्ठी. ‘सर्वांना सोबत घेईन’ ही न चालणारी. चार आठवड्यांनी तीच चिठ्ठी त्याच माणसाच्या हातात द्यायची आणि झालं का, नसेल तर कशात अडलं, एवढंच विचारायचं. गुण देऊ नका. गुण दिले की लोक सोपी चिठ्ठी लिहायला लागतात.

रिजेक्शन_रेट:

वरच्याला +१. निवडीबद्दल थोडं.

दुकानात उभ्याने पंधरा मिनिटांत कळतं. पुस्तकाचा मधला तिसरा हिस्सा उघडा, कारण सुरुवात आणि शेवट सगळेच नटवतात. तिथे तारखा, रकमा, विरोध करणाऱ्यांची नावं आहेत का बघा. विरोधक नुसते ‘काही लोक’ असतील तर ठेवून द्या. मग चूक शोधा. ‘मी घरच्यांना वेळ दिला नाही’ ही चूक धरायची नाही, ती नम्रपणे केलेली स्वतःची तारीफ असते. ज्या चुकीची किंमत दुसऱ्यांनी मोजली, ती कबूल केली आहे का? अमेरिकी यादवी युद्धातला सेनापती युलिसिस ग्रँट यांनी कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप वाटत आला असं आठवणींत सरळ लिहिलं आहे. जून १८६४ च्या त्या हल्ल्यात त्यांचे हजारो सैनिक पडले आणि हाती काही लागलं नाही. घशाच्या कॅन्सरने मरणाच्या दारात असताना, १८८५ मध्ये लिहिलेली ही पानं आहेत. असं एक पान सापडलं की बाकीच्या पुस्तकावरही जरा जास्त भरवसा ठेवता येतो.

आता आपल्याकडे हमखास वाचलं जातं ते ‘अग्निपंख’, आणि हमखास चुकीचा शिकला जातो तो एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या यानाचा धडा. घटना सगळ्यांना पाठ आहे. १० ऑगस्ट १९७९, श्रीहरिकोटा, पहिलं उड्डाण. दुसऱ्या टप्प्याचं नियंत्रण सुटलं, ३१७ सेकंदांनी खेळ संपला, यान बंगालच्या उपसागरात. कलाम प्रकल्पप्रमुख होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन बसले आणि त्यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० ला दुसरं उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा धवनांनी कलामांना पत्रकारांपुढे पाठवलं.

सुपरवायझर यातून काय घेतो? ‘माझ्या पोरांवर मी काही येऊ देणार नाही.’ ऐकायला झकास. कारखान्यात त्याचा अर्थ होतो रिजेक्शन लपवणं. ग्राहकाकडून तक्रार आली की हा सगळं अंगावर घेतो, ऑपरेटरला कुणी काही विचारत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच बर (कडेला राहिलेला धातूचा खरबरीत काठ), तोच भाग, तीच तक्रार.

यातला निम्मा धडा गळतो. धवनांनी ढाल धरली ती बाहेरच्यांसमोर. आत मात्र चौकशी झाली आणि दोष एका झडपेपर्यंत माग काढून शोधला गेला. दुसऱ्या टप्प्यातलं नायट्रिक आम्ल तिथून गळलं होतं. बाहेर ढाल धरली म्हणूनच आत लोक खरं बोलू शकले, अशी ती जोडी आहे. तेव्हा गटात विचारायचं ते हे: आपली ‘पत्रकार परिषद’ कुठली? ग्राहकाच्या ऑडिटरसमोरची बैठक. आपली ‘चौकशी’ कुठली? एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ शोधणारा आठ टप्प्यांचा अहवाल. पहिलीत ऑपरेटरचं नाव येता कामा नये. दुसरीत त्याची हजेरी सक्तीची, कारण भाग कसा बसवला ते त्यालाच माहीत.

आणखी एक, धवनांकडे अध्यक्षपद होतं. ढाल धरणाऱ्याकडे तेवढा अधिकार असावा लागतो. दोन महिन्यांपूर्वी बढती मिळालेल्याने ग्राहकासमोर ‘जबाबदारी माझी’ म्हणून काही होत नाही, त्याला त्याच्या वरच्याला त्या खुर्चीत बसवायची तजवीज आधी करावी लागते. तीही एक शिकण्याचीच गोष्ट आहे, पण ती कुठल्याच पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापत नाहीत.

फॅट_एसएनएफ:

यादीत ‘अमूल’वाले व्हर्गिस कुरियन यांचं ‘आय टू हॅड अ ड्रीम’ (२००५) घ्याच. पण ते वाचताना एका माणसाकडे बघत बसू नका.

कुरियन १३ मे १९४९ ला आणंदला पोचले ते सरकारी क्रीमरीतल्या नोकरीवर, शिष्यवृत्तीच्या करारापायी, मनाविरुद्ध. खेडा जिल्हा दूध संघ त्याआधीच, डिसेंबर १९४६ मध्ये नोंदला गेला होता. पोल्सन या खाजगी डेअरीला दूध घालायचं नाही म्हणून शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध बंद ठेवलं ते १९४६ सालीच. म्हणजे गावोगावची माणसं जमवणं, त्यांचा विश्वास मिळवणं हे अवघड काम संघाचे पुढारी त्रिभुवनदास पटेलांनी करून ठेवलेलं होतं. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते, ती करून दाखवली एच. एम. दलाया यांनी. आणि दिल्ली-मुंबईच्या सरकारी टेबलांवर भांडायचं काम कुरियन यांचं. तीन माणसं, तीन वेगळी कामं. हे पुस्तकातही आहे, कुरियन यांनी दोघांचं ऋण मानलं आहे. पण वाचणारा मुखपृष्ठावरच्या फोटोवर अडकतो.

म्हणून व्यायाम असा द्या. कागदाचे तीन उभे रकाने पाडा: लोकांचा विश्वास कुणाकडे, तांत्रिक डोकं कुणाचं, वरच्यांशी भांडणारा कोण. आधी आणंदची नावं भरा. मग आपल्या लाईनची. ज्या रकान्यात नाव सुचत नाही तिथे तुमचं दुखणं. बहुतेक सुपरवायझर तिन्ही रकान्यांत स्वतःचं नाव घालतात, तिथे चर्चा रंगते.

आणंद पद्धतीची नक्कल करताना सहकारात जी चूक वारंवार होते, तीही याच जातीची. आधी मोठा प्लांट उभारायचा आणि गावची सोसायटी नंतर बघू म्हणायचं. सकाळ-संध्याकाळ माप, समोरासमोर फॅट काढणं, त्यानुसार ठरल्या दिवशी पैसे, या तीन गोष्टी बसल्याशिवाय प्लांटला दूध येत नाही. प्लांट फोटोत दिसतो, फॅटची नळी दिसत नाही.

आणि पुस्तकाचं साल बघून ठेवा. हे २००५ चं. गुजरात दूध महासंघाच्या अध्यक्षपदावरून कुरियन मतभेदांनंतर पायउतार झाले ते २००६ मध्ये. संस्था उभारणाऱ्याने खुर्ची कधी आणि कुणाच्या हाती सोडायची, या प्रश्नाचा शेवटचा अंक पुस्तकाबाहेर राहिला. प्रत्येक आत्मचरित्राला हा हिशेब लावा: लिहिलं कधी आणि त्यानंतर काय घडलं.

बोरू:

मला आत्मचरित्र वाचून नेतृत्व शिकायची कल्पनाच पटत नाही. हरलेल्यांची आत्मचरित्रं कोण छापतं? नोकरी सोडून घर गहाण टाकणाऱ्या शंभरांतल्या एकाचं पुस्तक निघतं, नव्याण्णवांचे हप्ते. त्यापेक्षा चौकशी अहवाल वाचा. चॅलेंजर यानाच्या अपघाताचा १९८६ चा अहवाल घ्या: आदल्या रात्रीच्या फोनबैठकीत बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते थंडीत रबरी कड्या दगा देतील म्हणून उड्डाण नको सांगत होते, आणि त्यांच्याच वरिष्ठांनी ते मत फिरवलं. सुपरवायझरला यातून जेवढं मिळेल तेवढं दहा आत्मचरित्रांतून नाही मिळणार.

पानपलट्या:

अहवाल जरूर घ्या, तीन पुस्तकांमागे एक. पण अहवालात डोक्यात काय चाललं होतं ते येत नाही, ‘बैठकीत असे ठरले’ एवढंच येतं. बीबींच्या आवाजातला तो सूर कुठल्या इतिवृत्तात सापडणार?

हिंगणे_बुद्रुक:

बोरू, हरलेल्यांची नाही, पण ज्यांच्या जिवावर जिंकलं गेलं त्यांची आत्मचरित्रं मराठीत आहेत, आणि याबाबत आपण फार श्रीमंत आहोत. त्याचा उपयोग कुणी करत नाही.

विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या एकाच संस्थेबद्दल तीन पुस्तकं वाचा. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ (१९१५), त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८), आणि पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ (१९४४). एक संस्थापक, एक कार्यकर्ती, एक घर चालवणारी.

‘आत्मवृत्त’ची खुबी त्याच्या सालात आहे. अण्णांनी काढलेलं महिला विद्यापीठ १९१६ चं, त्याला मिळालेली ठाकरसींची १५ लाखांची देणगी १९२० ची, भारतरत्न १९५८ चं. म्हणजे पुस्तक लिहिताना अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. यश येण्याआधी लिहिलेलं आत्मचरित्र मिळणं दुर्मीळ. शेवट गोड झाला म्हणून मागचं सगळं गोड करून सांगायची सोयच नाही. (हातातली आवृत्ती कुठली ते बघा, नंतर भर घातलेला मजकूर वेगळा काढून वाचा.)

त्यात शोधायचा निर्णय हा: अण्णांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं, आपल्या गावच्या, मुरुडकरांचा बहिष्कार सोसला, पण १८९६ मध्ये आश्रम काढला तो विधवांच्या शिक्षणासाठी. पुनर्विवाहाचा प्रचार त्यापासून लांब ठेवला. दोन्ही एकत्र केलं तर पालक मुली पाठवणार नाहीत आणि वर्गणीही आटेल, हा सरळ व्यवहार. इथे थांबा, चिठ्ठ्या घ्या. बरेच जण म्हणतील, बरोबर केलं, एका वेळी एकच लढाई.

आता बायांचं पुस्तक उघडा. त्या निर्णयाचं बिल कुणाच्या नावे फाटलं ते तिथे दिसतं. बाया स्वतः पुनर्विवाहित, त्यामुळे नवऱ्याच्याच आश्रमापासून त्यांना हातभर दूर राहावं लागलं. अण्णा मिळेल ते संस्थेच्या पायी वाहणार आणि घरात मुलांचं काय, हे बायांनी बघायचं. त्या हे काही सोज्वळ करून सांगत नाहीत, चांगल्या फटकळ आहेत. गटाला मजा येईल.

पार्वतीबाईंचं तिसरं टोक. त्यांनी पुनर्विवाह नाकारला, संस्थेत शिकल्या, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि फारसं इंग्रजी नसताना अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. त्यांची काही मतं अण्णांपेक्षा जुन्या वळणाची होती, तरी संस्थेचं ओझं त्यांनी उचललं. आपल्याशी सगळ्या बाबतीत सहमत नसलेल्या माणसाकडून मोठं काम कसं होतं, ते बघायला ही पानं उत्तम.

तिन्ही पुस्तकं एका बैठकीत कोंबू नका. पहिल्या महिन्यात अण्णांचा निर्णय, दुसऱ्यात त्याच काळाबद्दल बाया, तिसऱ्यात पार्वतीबाई. दुसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला पहिल्या चिठ्ठ्या परत वाटा आणि विचारा, कुणाला बदलायची आहे? मग आपल्याकडचा ताजा निर्णय घ्या, समजा रविवारी जादा शिफ्ट लावली. सुपरवायझरच्या अहवालात ‘टार्गेट पूर्ण’ येतं. त्याच रविवारचं ‘माझे पुराण’ कोण लिहील? कंत्राटी कामगार, कॅन्टीनवाला, क्वालिटीची मुलगी. त्यातल्या एकाकडून पाच ओळी मागवा, नाव न घालता. पाच ओळींपेक्षा जास्त मागू नका, निबंध येतात.

शिफ्ट_बी:

भरभरून मिळालं, आभार. ठरलं ते असं: पहिला महिना ग्रॅहम (टिपण मी करतो), दुसरा एसएलव्ही, मग कर्वे मंडळींचे तीन महिने, नंतर एक अहवाल, मग आणंद. दोन शंका. नाव न घालता पाच ओळी मागवल्या तरी अक्षरावरून माणूस ओळखू येतो, त्याचं काय? आणि प्लांट हेडना बैठकीत बसवायचं का? त्यांची इच्छा आहे.

हिंगणे_बुद्रुक:

अक्षराचं सोपं आहे. दुसऱ्या लाईनच्या माणसाने तोंडी विचारून स्वतः लिहून आणायच्या. शिवाय ओळी किमान तिघांच्या असल्या तरच वाचायच्या, एकट्याच्या आल्या तर बाजूला ठेवा.

रिजेक्शन_रेट:

प्लांट हेड पहिल्या तीन बैठकींना नकोत. नंतर यायचंच असेल तर त्यांनीही चिठ्ठी लिहायची आणि ती सगळ्यांत शेवटी उघडायची. त्यांनी काय लिहिलंय ते आधी कळलं की बाराही चिठ्ठ्या एकाच वळणाच्या निघतील. ही अट त्यांना आधी सांगा, आणि सांगताना बारा जणांतलं कुणी सोबत नेऊ नका.